रुंदी

सगळे लांबीच विचारतात.
तीन फूट, चार फूट,
टीव्हीखाली मावेल का, सोफ्याला लागून बसेल का.
रुंदी विचारणारं गिऱ्हाईक
भुसावळात मी एकवीस वर्षांत दोनदा पाहिलं.
त्यातल्या एकाला मयताच्या बर्फपेटीची काच हवी होती.

फेगडे गार्ड आले ते ऐन मे महिन्यात,
सोबत उज्ज्वलावहिनी,
हातात रबर बांधलेली प्लास्टिकची पिशवी.
आत बोटाएवढा ऑस्कर,
काळा, अंगावर विस्तवाच्या रेघा,
पिशवीच्या आतून
माझ्या अंगठ्यावर चालून येणारा.
"दोन फुटी पुरे ना, रऊफभाई?
एवढंसं तर पिल्लू."

मी टेबलाच्या काचेवर खडूने मासा काढला,
वीत अन् चार बोटं.
हा पुढच्या मे महिन्यातला तुमचा मासा.
मग त्याच्याभोवती दोन बाय एकची चौकट आखली.
आता वळवा याला.

फेगडे त्या खडूच्या माशाकडे बघत राहिले,
जणू तो खरंच वळेल.

वळता येत नाही तो मासा मागे सरकत राहतो.
शेपटी झिजते. नाक काचेला घासून
पांढरं पडतं.
भांडखोर जातीचा असला तर
भांडायला कुणी नसलं तरी भांडतो,
हीटरशी, फिल्टरच्या नळीशी,
काचेतल्या त्या दुसऱ्याशी,
जो बरोब्बर त्याच्याच मापाचा असतो.

चार फूट लांब, दोन रुंद, दीड उंच.
काच दहा मिलीची.
पाणी तीनशे चाळीस लिटर.

"नळ दहा दिवसांनी येतो बाप्पा,"
वहिनी पहिल्यांदा बोलल्या,
"अन् माशाले तीनशे चाळीस?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.
मी उन्हाबद्दल बोललो.
थोडं पाणी दुपारी दोनलाच चहा होतं,
जास्त पाणी हळू तापतं, हळू निवतं,
लाइट गेली तरी मासा तासभर तग धरतो.
सगळं खरं होतं. प्रश्न तो नव्हता.

त्यांनी माझ्या हातातून टेप घेतली,
हवेतच ओढून धरली,
ओट्यापासून मागच्या भिंतीपर्यंत असावं तितकं अंतर,
"सव्वादोन,"
अन् सोडून दिली.
टेप सपकन आत गेली, माझं बोट चावून.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
पिशवीतला तेवढा धडका देत होता.
मग त्याच म्हणाल्या, करा दोन फूट रुंद.
पण काढलेलं पाणी नालीत नाही जाणार,
माझ्या केळीले जाईल.

सिलिकॉन सुकायला चार दिवस.
पाचव्या दिवशी हातगाडीवरून
पेटी क्वार्टरला नेली, आम्ही चौघं,
खाली गोधडी, वर गोधडी.
दारातून आत शिरली,
आणि बोळात पेटीच वळेना.
आडवी, उभी, तिरपी, कशीच नाही.
गार्डसाहेब "जरा डावीकडे, जरा डावीकडे"
असं गाडीला झेंडी दाखवावी तसं करत होते.
वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या.
त्या घरात मी त्यांना हसताना
तेवढंच पाहिलं.

शेवटी व्हरांड्यात ठेवली, रुळांकडे तोंड करून.
दुपारी वरून ओलं गोणपाट.

परवा एअरपंप बदलायला गेलो होतो.
मासा आता वीत अन् चार बोटं, थोडा वरच.
मागे केळीची दोन खांबं,
पानं हत्तीच्या कानाएवढी.
इतक्यात दीपनगरचा कोळसा आला,
अठ्ठावन्न वाघिणी, जमीन हादरवत.
मासा पिसे फुलवून काचेवर धावून गेला,
एकेका वाघिणीवर,
शेवटचा गार्डाचा डबा दिसेनासा होईस्तोवर.

मग त्याने एक मोठा, निवांत गोल घेतला,
कुठेही अंग न घासता,
आणि पुढच्या गाडीची वाट बघत थांबला.